थांबवेळ

रेवा डुबलच्या धाकट्या भावाचं, शार्दूलचं, लग्न झालं ते २०४१ साल. कऱ्हाडातले लोक ते साल वेगळ्या कारणानं लक्षात ठेवतात, पण डुबलांच्या घरात ते लग्नावरूनच सांगतात. दुपारी पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळींचा ढीग मांडवामागं पडला आणि त्या ढिगावर एकही कावळा उतरला नाही. आचाऱ्यानं वर बघितलं. विजेच्या तारा मोकळ्या होत्या.

"आज त्यांना आमंत्रण द्यायचं राहिलं वाटतं," तो म्हणाला आणि हसला. दुसऱ्या कुणी हसलं नाही.

पुढं शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. डासांबरोबर पसरणारा एक विषाणू होता, त्याला पंखज्वर असं नाव पडलं. चिमण्या, साळुंक्या त्यातून तरून गेल्या. कावळे तरले नाहीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळ्या देशावर कावळा उरला नाही.

कावळा नसल्यानं माणसाचं काय अडतं, असं कुणालाही वाटेल. रेवालाही वाटत होतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिची आई, सुमन, गेली. दहाव्या दिवशी कृष्णा-कोयनेच्या संगमावर पिंड मांडले आणि सगळे लांब होऊन उभे राहिले. कावळा शिवला म्हणजे गेलेला जीव समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलं. मग घरच्यांनी एकेकानं पुढं व्हायचं आणि मोठ्यानं सांगायचं, हे आम्ही करू, त्याला आम्ही बघू. पूर्वापार असंच चालत आलेलं.

त्या दिवशी कावळा येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी रेवाचे वडील, विलासराव, म्हणजे अण्णा, जागचे हलेनात. जन्मभर एस.टी.त वाहक म्हणून उभं राहिलेला माणूस, उन्हात उभाच राहिला. शार्दूल पुढं होऊन बोलला, सून बोलली. रेवा म्हणाली, "आई, अण्णांना मी एकटं पडू देणार नाही." आभाळ रिकामं ते रिकामंच. शेवटी टेंभे गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. अण्णांच्या मनाची मात्र सोय झाली नाही. जेवायला बसले की घास हातातच राहायचा. "सुमन काहीतरी पोटात ठेवून गेली," म्हणायचे.

रेवा तेव्हा पुण्यात, पिकांवर औषध फवारणारी छोटी विमानं बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिनं सुट्टी काढली आणि वडिलांसाठी एक कावळा बनवला. पंखांची फडफड करून उडणारा, काळ्या रबरी पिसांचा. डोळ्यात कॅमेरा होता. भाताचा गोळा आणि त्यावरचे काळे तीळ तो ओळखायचा, खाली उतरायचा आणि चोचीनं शीत उचलायचा. सुमनच्या वर्षश्राद्धाला तो घाटावरच्या खांबावरून झेपावला आणि पिंडाला शिवला. अण्णांना तो कुणी बनवलाय हे माहीत होतं, त्याचे स्क्रू त्यांनीच धरून दिले होते. तरी ते लहान पोरासारखे रडले. घरी येऊन पोटभर जेवले.

शास्त्रात बसतं का, असं कुणीतरी टेंभे गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा चालतो, मग रबराचा का चालू नये? हा निदान उडतो तरी."

त्यातून कंपनी उभी राहिली. नाव 'दशमी'. वाई, पैठण, नाशिक, नेवासं, एकेक घाट जोडत ती वाढली. फोनवर वेळ नोंदवायची, यंत्र हजर. रेवाला माणसं कौतुकानं आणि थोडं टिंगलीनं कावळेवाली म्हणू लागली. मासिकांत तिचे फोटो आले. कपाळावर केसांची बट, हातावर काळं यंत्र.

यंत्राच्या कामात एक जागा फार महत्त्वाची होती. गुरुजी बाजूला झाल्यापासून यंत्र झेप घेईपर्यंतचा जो काळ, त्याला कंपनीत थांबवेळ म्हणत. सुरुवातीला रेवानं ती खऱ्या कावळ्यासारखी ठेवली होती. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं. पण तक्रारी आल्या. उन्हाचा त्रास होतो, परतीची गाडी चुकते, पुढचं कुटुंब ताटकळतं. गुरुजींचीही कुरकुर होती. थांबवेळ कमी होत गेली आणि जितकी ती कमी झाली तितका धंदा वाढला. कंपनीच्या पाटीवर शेवटी दोनच शब्द लिहिले गेले, 'ताटकळणं संपलं'.

रेवाचं स्वतःचं आयुष्यही त्याच पाटीखाली चाललं होतं. बाणेरला तेराव्या मजल्यावर घर होतं, त्यात स्वयंपाकाचा ओटा कोरा करकरीत. जेवण गाडीत, झोप विमानतळावर, मैत्रिणींचे वाढदिवस यंत्रानं आठवण केली की. आपण काय मिळवलं असं कुणी विचारलं असतं तर तिनं ठामपणे सांगितलं असतं, लोकांचा वेळ वाचवला. त्या वाचलेल्या वेळाचं लोक काय करतात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या वाचलेल्या वेळाचं काय झालं, तेही नाही.

कऱ्हाडला ती महिन्यातून एकदा यायची. अण्णा चहा टाकायचे.

"राहणार का?"

"अण्णा, संध्याकाळची बैठक आहे."

"बरं बरं. मी आपलं विचारलं." अण्णा बशीत चहा ओतायचे. "मी जन्मभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत आलो. तूही तेच म्हणतीस. तुझं तिकीट तेवढं महाग."

रेवा हसायची. अण्णा हसायचे नाहीत, बशी फुंकत राहायचे.

२०४८ सालच्या वैशाखात ती कऱ्हाडला आली ती कामासाठी. कंपनीत ज्यांनी मोठा पैसा घातला होता त्या कोठारींना एक नवी सोय हवी होती. थांबवेळ शून्य. गुरुजी बाजूला सरले की कावळा उतरलाच पाहिजे. तिची चाचणी रेवाला आपल्या गावच्या घाटावर, स्वतःच्या डोळ्यांसमोर घ्यायची होती.

सकाळी पहिली नोंद पिसाळांची होती. सोमवार पेठेतले शंकरराव पिसाळ गेले होते. त्यांचा एकुलता मुलगा अजिंक्य पुण्याहून आलेला, बरोबर बायको प्राची, भावकीतली दहा-बारा माणसं. आणि शंकररावांची धाकटी बहीण मंदा. पन्नाशीची बाई, पण बुद्धी सहा-सात वर्षांच्या पोरीची. लग्न झालं नव्हतं. आईवडील गेल्यावर शंकररावांनीच तिला सांभाळलं होतं. वेणी घालण्यापासून पेठेत हात धरून फिरवण्यापर्यंत सगळं. ती पायरीवर बसून खांबावरच्या यंत्राकडं टक लावून बघत होती.

"ए काळ्या, पाय दुखत नाहीत का तुझे?" ती ओरडली. मग रेवाकडं वळली. "तू कावळेवाली का गं? ह्याला जेवायला काय घालतीस?"

"वीज."

"वीज खारट असती का?"

"मी चाखली नाही कधी."

"मग तसलं अन्न दुसऱ्याला कसं काय घालतीस?" मंदा रागावलीच. "दादा म्हणतो, आपण चाखल्याशिवाय दुसऱ्याला वाढू नये."

रेवाला हसू आलं. ती फोन घेऊन पिंपळाच्या पाराकडं सरकली. पाराच्या पलीकडं अजिंक्य आणि प्राची उभे होते. त्यांना ती दिसत नव्हती.

"आश्रमाची गाडी कधी येणार?" प्राची विचारत होती.

"चारला. त्याआधी इथलं घर विकत घेणारी पार्टी बघायला येईल. इथलं लवकर आटपलं पाहिजे."

"आत्यांना काय सांगायचं?"

"फिरायला जाऊ म्हणायचं. गाडीत बसायला आवडतं तिला."

"अजिंक्य, बाबांनी शेवटी दवाखान्यात—"

"बाबांना ग्लानी होती. प्राची, पुण्याच्या दोन खोल्यांत आपण दोघं आणि ही? तूच सांग ना, कोण बघणार? तू नोकरी सोडणार?"

प्राची पायरीवरच्या मंदाकडं बघत राहिली.

टेंभे गुरुजी हात जोडून बाजूला झाले. रेवाच्या फोनवर हिरवी खूण उमटली. थांबवेळ शून्यावर लावलेली होती, बोट टेकवायचा अवकाश. तिनं बोट टेकवलं नाही. फोनवरची थांबवेळेची पट्टी तिनं दुसऱ्या टोकाला सरकवली, जिथं फक्त एक शब्द होता, 'बंद'.

कावळा खांबावर बसून राहिला.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माणसं चुळबुळू लागली. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "शंकरदादा, बांधावरचा आंबा तुझाच. मीच उगं भांडलो. ह्या साली फळं तुझ्या घरी पोचवतो." कावळा हलला नाही. एकानं पिंडाजवळ तंबाखूची चिमूट नेऊन ठेवली. दुसरा म्हणाला, "चहा ठेवा रे, दादाला बिनदुधाचा लागायचा." कुणीतरी पळत जाऊन टपरीवरून चहा आणला. तोही ठेवला.

"ओ मॅडम," अजिंक्यनं हाक मारली, "मशीन बिघडलंय बघा तुमचं."

"यंत्र ठीक आहे," रेवा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चार्ज पूर्ण आहे."

यातलं काही खोटं नव्हतं. तरी खोटंच होतं.

सगळ्यांना माहीत होतं की समोर बसलंय ते रबर आणि तार आहे, फोनवर पैसे भरून बोलावलेलं. तरी एकेकाची नजर खांबावरून मंदाकडं आणि मंदाकडून अजिंक्यकडं जाऊ लागली. अजिंक्य घामाघूम झाला.

पुढं झाली ती प्राची. पदर सावरून तिनं हात जोडले. "बाबा," ती म्हणाली, आणि आवाज फुटला, मग पुन्हा म्हणाली, "बाबा, आत्यांना आम्ही कुठंही पाठवणार नाही. त्यांच्या घरातच राहतील त्या. मी बघेन."

रेवानं पट्टी शून्यावर आणून बोट टेकवलं. कावळा फडफडत उतरला आणि पिंडाला शिवला. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. अजिंक्य खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. वडील गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. मंदानं टाळ्या वाजवल्या. "काळ्यानं खाल्लं! वीज सोडून भात खाल्ला!"

माणसं पांगल्यावर गुरुजी रेवाजवळ आले. उपरण्यानं मान पुसत म्हणाले, "आज यंत्रानं वेळ घेतला."

"हो."

"पूर्वीचे घ्यायचे तसा." ते पायरीवर टेकले. "तुला सांगू? गेली दोन वर्षं ह्या घाटावर कुणी काही कबूल केलेलं मी ऐकलेलं नाही. माणसं येतात, कावळा शिवतो, माणसं जातात. मला वाटायचं, लोकच कोरडे झाले. तसं नव्हतं. बोलायला जागाच राहिली नव्हती."

रेवा त्या दिवशी पुण्याला गेली नाही. घरी येऊन तिनं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा खूश होतील असं तिला वाटलं होतं. ते खुर्चीत पुढं सरकून बसले.

"मग कावळा कोण झालं गं? तूच की."

"अण्णा, त्या बाईला आज गाडीत घालून नेणार होते."

"ते खरं. चांगलंच केलंस. पण उद्या?" अण्णांनी बोट वर केलं. "मी गाडीत घंटी वाजवायचो. ड्रायव्हर त्या घंटीवर थांबायचा न् निघायचा. दोरी माझ्या हातात, म्हणून सगळी गाडी माझ्या तोंडाकडं बघायची. एखाद्या दिवशी डोकं फिरलेलं असलं की मी म्हातारीला मुद्दाम पुढच्या थांब्यावर उतरवलेलंय. दोरी लई वाईट."

त्याचा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. कोठारींचा फोन आला. प्रत्येक यंत्राची नोंद त्यांच्याकडं जात असे.

"रेवाजी, काल कऱ्हाडला तुम्ही शून्याची चाचणी घेणार होतात. थांबवेळ तर प्रचंड दिसते. आणि गंमत बघा, त्या कुटुंबानं आजवरचा सगळ्यात चांगला अभिप्राय दिलाय. 'बाबा खरोखर येऊन गेले,' असं लिहिलंय. काय केलंत?"

रेवानं सांगितलं. कोठारी मोठ्यानं हसले.

"अहो, हेच तर विकायचं! माणसानं जिवंतपणी आपली इच्छा आमच्याकडं नोंदवायची. यंत्राला कान द्यायचे, शब्द ओळखणारे. घरच्यांनी ती इच्छा तोंडानं कबूल केल्याशिवाय कावळा उतरणारच नाही. मेल्यावरही माणसाचं ऐकलं जाईल. नाव सुचवा छानसं."

रेवानं फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. यंत्राला कान बसवणं अवघड नव्हतं, आठवड्याचं काम. मग काय काय नोंदवलं जाईल तेही तिला दिसू लागलं. एक बाप लिहील, माझ्या मुलीनं त्या मुलाशी लग्न करायचं नाही. एक सासू लिहील, सुनेनं नोकरी सोडावी. कुणी लिहील, वाटणी करायची नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. आणि भर उन्हात, सगळ्या भावकीसमोर, एखादी पोर हात जोडून उभी असेल आणि खांबावर यंत्र बसून असेल. ती किती वेळ तग धरील? खरा कावळा निदान कुणाचा नोकर नव्हता. तो कधी भुकेनं यायचा, कधी कंटाळ्यानं यायचा नाही. त्याला काय हवंय ते माणसाला स्वतःच्या मनात शोधावं लागायचं.

त्याच आठवड्यात प्राची तिच्या दारात आली. चप्पल काढली, पण बसली नाही.

"एकच विचारायचंय. घराचा सौदा आम्ही मोडला. अजिंक्य सहा दिवस माझ्याशी धड बोललेला नाही, पण आत्यांच्या औषधाच्या गोळ्या रोज तोच देतो. मी पुण्याची नोकरी इथून करता येते का बघतेय. हे सगळं त्या दिवसामुळं." तिनं रेवाच्या डोळ्यांत पाहिलं. "ते यंत्र आपोआप थांबलं होतं का?"

रेवापुढं दोन वाटा होत्या. हो म्हटलं असतं तर मंदाचं छप्पर पक्कं होत होतं. आतल्या खोलीत अण्णांनी रेडिओ बंद केला.

"नाही," रेवा म्हणाली. "मी थांबवलं होतं. पाराच्या मागून तुमचं बोलणं ऐकलं होतं."

प्राची भिंतीला टेकली.

"वाटलंच होतं मला," ती हळू म्हणाली. मग तिचा चेहरा लाल झाला. "मग खरं सांगितलंत कशाला? आता हे मी अजिंक्यला सांगू का नको?"

"ते तुम्ही ठरवा."

"वा! फार शहाण्या आहात तुम्ही. आधी आमच्या तोंडातून काढून घेतलंत आणि आता म्हणता, तुम्ही ठरवा!"

"माझं चुकलं," रेवा म्हणाली, "आणि तसंच सोडून दिलं असतं तरी चुकलंच असतं. यातलं कमी चुकीचं कोणतं, ते मला अजून कळत नाही."

प्राचीनं चप्पल घातली. उंबऱ्याशी ती थांबली. "मी जे बोलले ते मला बोलायचंच होतं," ती पाठमोरीच म्हणाली. "दवाखान्यापासून बोलायचं होतं. पण शून्यावर लावलं असतंत तर नसते बोलले. एवढं लक्षात ठेवा." आणि गेली.

रेवानं कोठारींना नाही सांगितलं. त्यांनी तिला बरंच समजावलं, मग करारातली कलमं दाखवली, आणि वर्षभरात 'दशमी' तिच्या हातून गेली. शून्य थांबवेळेचा तत्काळ कावळा आता सगळ्या मोठ्या घाटांवर मिळतो. कानाचं यंत्रही बाजारात येणार आहे, असं म्हणतात.

बाणेरचं घर विकून ती कऱ्हाडला आली. संगमावर तिची स्वतःची तीन यंत्रं आहेत. त्यांच्या थांबवेळेला पट्टी नाही, टोक नाही. वारा, ऊन, पाण्याचा आवाज यांवरून यंत्र आपलं आपण ठरवतं, आणि ते काय ठरवील हे रेवालाही सांगता येत नाही. कधी ते लगेच उतरतं. कधी उतरतच नाही, मग गुरुजी दर्भ घेतात. गिऱ्हाईक बेताचंच येतं. येतात त्यांतले काही चिडून जातात, काही बोलून जातात. कामाच्या वेळा संपल्या की ती घरी जेवते. अण्णा आता बशीभर चहा पिताना टोमणा मारायला विसरतात, किंवा त्यांना कारण सापडत नाही.

पिसाळांच्या दारावरून ती पुष्कळदा गेली. मंदा ओट्यावर बसलेली असायची, कधी प्राची तिची वेणी घालत असायची, कधी अजिंक्य नखं काढत असायचा. प्राचीनं नवऱ्याला खरं सांगितलं का, हे रेवानं कधी विचारलं नाही. सांगितलं असेल तर त्यानं मंदाला का ठेवलं? नसेल सांगितलं, तर एका रबरी पाखराच्या भीतीनं माणूस इतकी वर्षं कुणाची नखं काढत बसतो का?

मंदाकिनी पिसाळ २०५५ साली माघ महिन्यात, सोमवार पेठेतल्या त्याच घरात, झोपेत वारली.